राईनपाडा: फॉरवर्डला लगाम लागला, भीतीचं काय?

१ जुलै २०१८ ला रविवार होता आणि धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजार भरला होता. गुजरात सीमेकडचा हा डोंगराळ पट्टा, वस्ती बहुतांशी आदिवासींची. आसपासच्या पाड्यांवरची माणसं बाजाराला उतरली होती. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच पुरुष तिथे भिक्षा मागायला आले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्याचे. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना कुणाला तरी दिसला. पोरं पळवणारे आले, अशी ओरड झाली आणि बाजार त्यांच्यावर तुटून पडला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारण्यात आलं. पिंपळनेर ठाण्यातून जे मोजके पोलीस पोहोचले त्यांना जमावाने जुमानलं नाही, त्यांनाही मार बसला. पाचही जण मेले.

पुढचं बरंचसं नेहमीच्या वाटेने गेलं. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारने मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले, उज्ज्वल निकम यांना विशेष सरकारी वकील नेमलं, काही दिवसांतच २३ जणांना अटक झाली. गावातले पुरुष पळून गेले, घरांना कुलपं लागली. ज्या फोनवरून अफवा फिरली त्याच फोनवर मारहाणीचं चित्रीकरणही झालं होतं आणि आरोपी ओळखायला पोलिसांना तेच उपयोगी पडलं. चेहरा लपवावा असं तिथे फारसं कुणाला वाटलं नव्हतं. आपण गुन्हा करतोय असं वाटणारा माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहत नाही. त्या खोलीतल्या लोकांच्या समजुतीत ते गावाचं रक्षण करत होते. हे प्रकरण समजून घ्यायचं तर ही अवघड गोष्ट आधी मान्य करावी लागते.

काय फिरत होतं

त्या उन्हाळ्यात देशभर दोन-तीन चित्रफिती पुन्हा पुन्हा फिरत होत्या. एकीत मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. ही फीत मुळात कराचीतल्या एका बालसुरक्षा संस्थेची जनजागृतीची जाहिरात. मूळ जाहिरातीत शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. हा शेवट कुणीतरी कापून टाकला. दुसऱ्या एका फितीत ओळीने ठेवलेली लहान मुलांची प्रेतं होती. अवयव काढून घेण्यासाठी मारलेली मुलं, असा मजकूर सोबत असायचा. ती मुलं २०१३ मध्ये सीरियात रासायनिक हल्ल्यात मेलेली. राईनपाड्याच्या परिसरातल्या फोनवर हीसुद्धा पोहोचली होती.

दोन्हींत चित्र खरं आणि पत्ता खोटा. मुलाला खरंच उचललं जाताना दिसतं, प्रेतं खरंच मुलांची आहेत. "डोळ्यांनी बघितलं" म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. फोटोत छेडछाड शोधायला शिकवणारं कुठलंही प्रशिक्षण इथे निकामी ठरतं, कारण कापलेला शेवट सोडला तर छेडछाड चित्रात नसून त्याखालच्या दोन ओळींत आहे: आपल्या भागात टोळी आली आहे, मुलांना सांभाळा. आणि त्यानंतर आपल्याकडचं ते ठरलेलं वाक्य, "खरं-खोटं माहीत नाही, आलं तसं पुढे पाठवलं."

या वाक्याला हसण्याचा मोह होतो, पण त्यात हिशोब पक्का आहे. मेसेज पुढे पाठवला आणि खोटा निघाला, तर पाठवणाऱ्याचं काही जात नाही. पाठवला नाही आणि खरा निघाला, तर शेजारणीचं मूल जातं. चार पोरं अंगणात खेळत असलेली कोणतीही आई या हिशोबात पाठवण्याच्याच बाजूने उतरेल. ती भोळी किंवा अडाणी असण्याची गरज नाही. नुकसान भोगणारा माणूस, म्हणजे उद्या बाजारात येणारा परका, तिच्या हिशोबातच नसतो, एवढं पुरे.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या सोरूश वोसुगी, डेब रॉय आणि सिनान अराल यांनी २०१८ मध्येच ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० बातम्यांच्या प्रवासाचा अभ्यास छापला. खोट्या बातम्या खऱ्यांपेक्षा लांब आणि वेगाने गेल्या, आणि त्यांना आलेल्या प्रतिसादांत आश्चर्य, भीती, किळस अधिक होती. यंत्रांपेक्षा माणसांनीच त्या जास्त पसरवल्या. ट्विटर तेव्हा उघडं होतं, म्हणून हे मोजता आलं. व्हॉट्सॲपवर एप्रिल २०१६ पासून सगळे संदेश दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात, त्यामुळे राईनपाड्यात कुठला मेसेज किती जणांनी पाहिला हे बाहेरून मोजता येत नाही. या प्रकरणाबद्दल फार ठाम आकडे सांगणाऱ्याकडे जरा सावधपणेच बघावं.

भीती आधी, बातमी नंतर

अफवांच्या अभ्यासातला एक जुना धागा भारतातलाच आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञांनी त्यानंतर उठलेल्या अफवा गोळा केल्या आणि पुढच्या वर्षी त्यावर लिहिलं. धक्का जाणवला पण पडझड झाली नाही अशा भागांतही याहून भयंकर संकटांच्या अफवा उठल्या होत्या: अमुक दिवशी महापूर येणार, पुन्हा भूकंप होणार. दोन दशकांनी अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर या नोंदींवर अडखळले. सुटलो असं वाटायच्या जागी लोक स्वतःला घाबरवत का होते? त्यांनी लावलेला अर्थ असा की लोक आधीच घाबरलेले होते, आणि डोळ्यांसमोर मात्र भीतीला साजेसं काहीच दिसत नव्हतं. अफवेने ती जागा भरली. भूकंपाबद्दल सुरू झालेला हा विचार पुढे फेस्टिंजर यांच्या प्रसिद्ध संज्ञानात्मक विसंगतीच्या सिद्धांताचा (मनातल्या दोन गोष्टी जुळेनात की माणूस त्या कशा जुळवून घेतो, याचा) एक पाया ठरला.

आपल्याकडे टोळीच्या अफवेवर लिहिताना हा क्रम बहुधा उलटा धरला जातो. मेसेज आला, मग लोक घाबरले. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात मेसेज येण्याआधी कसली भीती होती, हे कुणी फारसं विचारलं नाही. मला वाटतं, तिथे मूल हरवण्याची भीती परदेशी चित्रफितीतून उगवायची गरज नव्हती. हंगामी मजुरीसाठी घरं सोडून जाणारी माणसं, मागे म्हाताऱ्यांच्या भरवशावर राहिलेली पोरं, तातडीला पोहोचणार नाहीत इतके दूरचे दवाखाने आणि पोलीस ठाणी. आपल्यावर प्रसंग आला तर आपल्यालाच निस्तरावं लागेल, हा अशा भागांतला अनुभव आहे, गैरसमज नाही.

आणि भीतीला चेहरा तर आधीपासून होताच. "झोपला नाहीस तर गोसावड्याच्या झोळीत घालीन", ही धमकी महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांनी ऐकली आहे! झोळी घेतलेला, परका, दारोदार फिरणारा माणूस पोरं नेतो, हे आपण स्मार्टफोन यायच्या कितीतरी आधी पोरांच्या कानात घातलं. पुलाच्या पायात बळी द्यायला पोरं पळवतात, ही आवईसुद्धा तितकीच जुनी. मेसेजमध्ये फक्त "टोळी" होती. ती टोळी म्हणजे समोरचे हे पाच जण, ही जोडणी व्हॉट्सॲपने केली नाही.

याला पुरावा हवा असेल तर २०१२ आठवावं. त्या वर्षी नागपूरच्या कळमना भागात नाथजोगी समाजाच्या तीन बहुरूप्यांना जमावाने चोर समजून ठार मारलं. तेव्हा देशातल्या बहुतेकांच्या हातात साधा फोन होता.

सरकार आणि कंपनी

राईनपाड्यानंतर दोन दिवसांत केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने व्हॉट्सॲपला खडसावलं. भारतात तेव्हा वीस कोटींहून जास्त लोक हे ॲप वापरत होते. कंपनीची सर्वांत मोठी बाजारपेठ हीच, त्यामुळे हालचाल झटपट झाली. १० जुलैला वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या आणि पुढे ढकललेल्या मेसेजवर "फॉरवर्डेड" अशी खूण दिसू लागली. महिना संपायच्या आत भारतापुरती मर्यादा जाहीर झाली: एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या काळात, फार वेळा पुढे गेलेले मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतील, असं ठरलं. धुळे जिल्ह्यातल्या एका बाजारातल्या पाच मृत्यूंनी ब्राझीलमधल्या माणसाच्या अंगठ्यालाही लगाम घातला.

कंपनीच्या म्हणण्यानुसार पाचच्या मर्यादेने फॉरवर्डचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी घटलं, आणि २०२० च्या मर्यादेने फार फिरलेल्या मेसेजचं ७० टक्क्यांनी. हे आकडे कंपनीचे आहेत आणि बाहेरच्या कुणाला तपासता येत नाहीत. ते खरे धरले तरी ते मेसेजबद्दल बोलतात, जमावाबद्दल नाही. ब्राझीलच्या संशोधकांनी संगणकावर या प्रसाराची प्रतिकृती करून पाहिलं तेव्हा मर्यादेमुळे प्रसार मंदावतो, पण चिकट, म्हणजे हातोहात पसरणारा मजकूर थांबत नाही, असं दिसलं. उशीर व्हायलाही किंमत आहे, हे मी मान्य करतो. पोलिसांना एक दिवस मिळाला तरी खूप. फक्त त्या दिवसात पोलिसांनी काय करायचं, हे ॲपमध्ये लिहून येत नाही.

सरकारलाही या भाषेची सोय होती. चूक कॅलिफोर्नियातल्या कंपनीची ठरली की पिंपळनेरला किती पोलीस होते, हा प्रश्न मागे पडतो. कंपनीलाही सोय होतीच. बटण बदललं की जबाबदारी पार पडली. २०२१ च्या नियमांत सरकारने मेसेजचा मूळ पाठवणारा शोधून देण्याची अट घातली, व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि संदेशांचं ते कुलूप (एन्क्रिप्शन) मोडायला लावलं तर भारतातून बाहेर पडू, असं २०२४ मध्ये तिथे सांगण्यात आलं. गोपनीयतेचा हा वाद महत्त्वाचा आहेच. पण राईनपाड्यात मूळ पाठवणारा सापडून तरी काय झालं असतं? कराचीच्या जाहिरातीचा शेवट कापणारा धुळ्यात राहत नव्हता.

"लोकांना शिक्षित करा" हा तिसरा मार्ग. त्याची सर्वांत कडवट कहाणी त्रिपुरातली. तिथल्या सरकारने गावोगाव ध्वनिक्षेपक घेऊन अफवांवर विश्वास ठेवू नका असं सांगायला एक माणूस नेमला होता. २८ जून २०१८ ला, म्हणजे राईनपाड्याच्या तीन दिवस आधी, जमावाने त्यालाच मुलं पळवणारा समजून मारलं. गाडीतून आलेला अनोळखी माणूस, एवढी त्याची ओळख लोकांना पुरली. पुढच्या वर्षी सुमित्रा बद्रीनाथन यांनी बिहारमध्ये बाराशेहून अधिक लोकांवर प्रयोग केला. घरी जाऊन तासभर खोटी बातमी कशी ओळखावी हे शिकवलं, आणि नंतर तपासलं तर एकूण परिणाम जवळजवळ शून्य.

व्हॉट्सॲपने त्या काळात वीस संशोधन गटांना प्रत्येकी ५० हजार डॉलर दिले होते. त्यातल्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शकुंतला बानाजी आणि राम भट यांच्या गटाने २०१९ मध्ये सांगितलं की तंत्रज्ञानाचं अज्ञान हे मूळ कारण नव्हे. मुस्लिम, दलित, आदिवासी यांच्याबद्दलचा पूर्वग्रह मेसेजला धार देतो. निष्कर्ष मला पटतो, पण राईनपाडा त्या चौकटीत नीट बसत नाही. इथे जमाव आदिवासी पट्ट्यातला, गरीब. मेलेले भगव्या वाटेवरचे हिंदू, त्याहून गरीब. धर्म किंवा वर्गाची रेघ ओढून हे कोडं सुटत नाही. रेघ आहे ती घर असलेले आणि पालं टाकून फिरणारे यांच्यात.

ही रेघ न दिसल्याने पुढच्या प्रकरणात काय गोंधळ झाला तो सगळ्यांनी पाहिला. १६ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक असे तिघे मारले गेले. पोरं पळवणाऱ्यांच्या, अवयव काढणाऱ्यांच्या त्याच आवया तिथे फिरत होत्या, आणि फॉरवर्डची पाचची मर्यादा तोवर पावणेदोन वर्षांची झाली होती. चर्चा मात्र दुसऱ्या दिवसापासून धर्माची झाली. गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्यांत मुस्लिम कुणी नाही असं जाहीर सांगावं लागलं. राईनपाड्याची आठवण त्या आठवड्यात फार थोड्यांना झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगलीच्या जत तालुक्यात लवंगा इथे पंढरपूरकडे निघालेल्या उत्तर प्रदेशातल्या चार साधूंनी एका मुलाला वाट विचारली आणि पुन्हा तोच प्रकार झाला. ते वाचले.

त्याच रात्री मालेगावात

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त शिकवून जातं ते मालेगाव. १ जुलैचीच रात्र. परभणीकडचं, भिक्षा मागून जगणारं पाच जणांचं कुटुंब, त्यात दोन वर्षांचं मूल, जमावाच्या तावडीत सापडलं. फोन तेच, चित्रफिती त्याच, संशयही तोच. राईनपाड्याहून कितीतरी मोठा जमाव. पण तिथल्या एका रहिवाशाने त्या कुटुंबाला आपल्या घरात घेतलं, पोलीस पोहोचले, त्यांच्या गाड्यांवर हल्ला झाला, तरी अतिरिक्त पोलीस अधीक्षक हर्ष पोद्दार यांच्या पथकाने पाचही जणांना जिवंत बाहेर काढलं.

मालेगाव हे दंगली आणि बॉम्बस्फोट पाहिलेलं शहर. "संवेदनशील" हा शिक्का त्याच्यावर कायमचा बसला आहे आणि त्याचा त्या शहराला त्रासच जास्त होतो. पण त्याच शिक्क्यामुळे तिथे पोलीस बळ मोठं, अधिकारी वरच्या दर्जाचा, शांतता समित्या जिवंत आणि मोहल्ल्यातल्या माणसांचे नंबर ठाण्यात. जमाव जमला की पहिल्या दहा मिनिटांत कुणाला फोन करायचा हे तिथल्या लोकांना ठाऊक असतं. राईनपाडा कधीच कुणाच्या संवेदनशील यादीत नव्हता. तिथे बंद खोली मिळाली ती ग्रामपंचायतीची. मालेगावात खोलीने जीव वाचवला, इथे खोलीतून पळता आलं नाही.

म्हणून हे प्रकरण तंत्रज्ञानाचं म्हणून शिकवलं जातं तेव्हा मला खटकतं. दोन्ही ठिकाणी तंत्रज्ञान सारखंच होतं. वेगळं होतं ते मध्ये पडायला कुणी आहे की नाही, हे.

कायदा, आणि हजेरीचा जुना घोटाळा

१७ जुलै २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला प्रकरणात झुंडबळींबाबत निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी, भरपाईची योजना, जलदगती सुनावणी, शक्यतो सहा महिन्यांत निकाल, आणि संसदेने स्वतंत्र कायदा करण्याचा विचार करावा. स्वतंत्र कायदा झाला नाही. भारतीय न्याय संहितेत मात्र कलम १०३ (२) आलं: पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तत्सम अन्य कारणावरून खून केला, तर त्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. ही संहिता लागू झाली १ जुलै २०२४ ला, राईनपाड्याला बरोबर सहा वर्षं झाली त्या दिवशी. योगायोग, पण बोचणारा. कारण याच कलमाखाली राईनपाडा बसवायचा तर सरकारी वकिलाला सिद्ध करावं लागेल की कारण "समुदाय" होतं. बचाव पक्ष म्हणेल, आम्हाला त्यांचा समुदाय माहीतही नव्हता, आम्ही त्यांना पोरं चोरणारे समजलो. परक्याला चोर समजणं हाच पूर्वग्रह आहे, हे न्यायालयाला पटवायला "तत्सम" या एका शब्दावर सगळी भिस्त.

गावात जाण्याआधी भटक्यांनी जवळच्या ठाण्यात नोंद करावी, ही सूचना अशा प्रत्येक घटनेनंतर पुढे येते. वरवर पाहता शहाणपणाची आहे. समाजातूनही ओळखपत्रांची मागणी होते आणि ती समजण्यासारखी आहे. पण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नेमकं हेच केलं होतं: हजेरी, परवाना, कुठे चाललास याचा जबाब. सोलापूरची तारेच्या कुंपणाची वसाहत त्याच कायद्याच्या पुढच्या आवृत्तीतून उभी राहिली आणि तो देशभर रद्द व्हायला १९५२ उजाडलं. डवरी गोसावी महाराष्ट्राच्या यादीत भटक्या जमातींत येतात, विमुक्तांत (त्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींत) नव्हे. म्हणजे जी हजेरी त्यांच्या वाट्याला इंग्रजांच्या काळातही आली नव्हती, ती आता त्यांच्याच सुरक्षेसाठी द्यायची. रेणके आयोगाने २००८ मध्ये आणि इदाते आयोगाने २०१८ च्या सुरुवातीला भटक्यांच्या कागदपत्रांबद्दल, निवाऱ्याबद्दल, पोटापाण्याबद्दल लिहून ठेवलं आहे. ते अमलात यायला कुठल्याच ॲपची अडचण नाही.

ओझं उलट्या बाजूला टाकता येतं. गावागावात पोलीस पाटील ही व्यवस्था आपल्याकडे १९६७ च्या कायद्याने आहेच. आठवडे बाजाराच्या दिवशी त्याने बाजारात हजर असावं, अफवा उठल्याचा फोन ठाण्याला त्याच दिवशी जावा आणि त्याची लेखी नोंद राहावी, परका माणूस वादात सापडला तर त्याला कुठे न्यायचं ती जागा आधी ठरलेली असावी. साक्री तालुक्यातल्या अनुसूचित (आदिवासींसाठी विशेष तरतुदी असलेल्या) भागात ग्रामसभेला अधिकार आहेत. हा ठराव तिथे घेता येतो आणि त्याला मंत्रालयाची परवानगी लागत नाही. खर्च होतो तो मानधनाचा, आणि पोलीस पाटलांच्या रिकाम्या जागा भरण्याचा.